तेव्हाचं वजन

सर्जानं आधी स्वतः पारड्यात बसून बघितलं. सर्जा म्हणजे माझा धाकटा भाऊ. गुऱ्हाळघरातला मोठा तराजू त्यानं भैरोबाच्या मंडपातल्या तुळईला दोरखंडानं टांगला होता, आणि दोन्ही हातांनी साखळ्या धरून तो त्यात झोके घेऊन खात्री करत होता. तुळई करकरली नाही, गाठ सरकली नाही. खाली उतरून हात झटकत तो मला म्हणाला, "काय काळजी करू नगं ताई. दोन रेडं बसवलं तरी हलायचं न्हाई."

त्याला मला धीर द्यायचा होता. माझ्या भावाची धीर द्यायची पद्धत ही अशी आहे. मी हसल्यासारखं केलं आणि तोंड धुवायच्या निमित्तानं देवळामागच्या विहिरीवर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं त्या पारड्यात मला बसायचं होतं. दुसऱ्या पारड्यात माझ्या भारंभार गूळ, आणि समोर गाव. आईनं गल्लीतल्या चार बायकांना बोलावलं होतं. चारांचं बोलावणं आमच्या वारणेकाठी चारांपाशी थांबत नाही. मंडप भरलेला विहिरीवरूनही दिसत होता.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. मी पुण्यात एका शाळेत गणित शिकवते, तेव्हाही शिकवत होते. आकड्यांशी माझं भांडण नाही. फक्त एक आकडा असा होता, जो मी जिवंत माणसाला सांगितलेला नव्हता, नवऱ्यालाही नाही. गावच्या शाळेत असताना आमची आरोग्य तपासणी व्हायची. एक गुरुजी काट्याजवळ उभे राहून प्रत्येकाचं वजन मोठ्यानं ओरडायचे आणि दुसरे व्हरांड्याच्या त्या टोकाला बसून लिहून घ्यायचे. सातवीत माझा आकडा ओरडला गेला आणि सगळा व्हरांडा हसला. लिहून घेणारे गुरुजीही हसले. त्यानंतर मी काट्यावर पाय ठेवला तो बंद दाराआड, आणि तोही अगदीच नाइलाज असेल तर.

पस्तिशी उलटली तशी गुडघे बोलायला लागले. रक्तातली साखर वाढली. डाएट, चालणं, लिंबू-मध, एका योगशिक्षिकेनं सांगितलेला दुधी भोपळ्याचा रस, सगळं करून झालं. दर वेळी दहा किलो जायचे आणि बारा परत यायचे. शेवटी एका डॉक्टरांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पर्याय सांगितला. तोंडावाटे दुर्बीण पोटात जाणार, तिच्या टोकाला सुई, आणि पोटाच्या पिशवीला आतूनच टाके घालून ती अरुंद करायची. बाहेरून कुठं कापायचं नाही. व्रण राहायचा नाही. खरं सांगायचं तर मला तेच सगळ्यांत जास्त आवडलं. कुणाला काही कळायचंच कारण नव्हतं.

आईला मात्र सांगावंच लागलं. फोनवर तिनं मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तिनं विचारलं, "म्हंजे परकराला चुण्या घालत्यात तसं?" मी म्हटलं, हो, अगदी तसंच. "आन् सुई त्वांडातनं जानार?" हो, भूल देऊन. तिनं फोन ठेवला, आणि पुढचं मला सर्जानं नंतर सांगितलं. ती तशीच अनवाणी देवळात गेली आणि गुरवाला साक्षी ठेवून बोलून बसली, की माझी लेक भुलीतनं उठून माझ्याशी धड बोलली, तर भैरोबा, तिच्या भारंभार गूळ वाहीन.

मी भुलीतून उठले. फोनवर आईशी धड बोललेही. नवसाचं तिनं मला सांगितलं तेव्हा मी दोन दिवसांची पेशंट होते, नळीनं ताक पीत होते. खण-नारळाचा, दंडवताचा, उपासाचा, शंभर नवस असतात जगात. माझ्या आईला नेमका हाच सुचला. रागवावं इतकी ताकद नव्हती म्हणून मी फक्त बरं म्हटलं.

वजन उतरू लागलं. शस्त्रक्रिया शंभर टक्के यशस्वी झाली असं सगळे म्हणत होते, आणि मी दिवसेंदिवस खचत चालले होते. शाळेतून आल्यापासून श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, बँकेतून येईपर्यंत घरात मी एकटी असायचे. इतकी वर्षं तो वेळ माझा होता. चहा, फरसाण, सकाळची पोळी तूप-साखर लावून. दिवसभरात जे मुकाट्यानं ऐकून घेतलेलं असायचं, ते त्या खाण्याबरोबर खाली उतरायचं. आता दोन घास खाल्ले की पोट नको म्हणायचं, आणि उरलेला सगळा वेळ समोर तसाच बसून राहायचा. मी रडायचे. भूक लागलेली नसायची, तरी रडायचे.

बाहेर तर कौतुकाला ऊत आला होता. स्टाफरूममध्ये ज्या बाई माझ्याशी कधी दोन वाक्यं बोलल्या नव्हत्या, त्या हात धरून सांगायच्या, काय सुंदर दिसायला लागलीस गं. मी थँक्यू म्हणायचे आणि घरी येऊन विचार करत बसायचे, की मग आधी काय दिसत होते? श्रीरंगनं माझा जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून घरच्या ग्रुपवर टाकला. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला खरंच अभिमान वाटत होता. अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. त्या जुन्या फोटोत मी माझ्या भाचीच्या बारशाला हसत उभी होते. तो दिवस फार छान गेला होता. आता ती बाई 'आधी' या नावाची एक चूक झाली होती.

इस्पितळात उज्ज्वला तांबोळी नावाच्या समुपदेशक होत्या. शस्त्रक्रियेआधीच त्यांनी बजावलं होतं की पोट लहान झालं म्हणून मन हलकं होईलच असं नाही, तसं झालं तर लपवू नका. मी दोन-तीन महिने लपवलं आणि मग गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. असं पुष्कळ पेशंटांना होतं, यात वेड लागल्यासारखं काही नाही, म्हणाल्या. त्या रिकाम्या वेळात कुणाबरोबर तरी चालायला जायचं ठरवून दिलं, पंधरा दिवसांनी परत बोलावलं, आणि हे असंच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ, गोळ्या लागल्या तर घेऊ, हेही सरळ सांगितलं. निघताना त्यांनी विचारलं, "तुम्ही सुतक असल्यासारखं बोलताय. कोण गेलंय?"

नवसाचंही मी त्यांना सांगितलं. नको असेल तर तुम्ही आईला नाही म्हणू शकता, असं त्या म्हणाल्या. त्यांची आई बहुधा शहरातली असावी.

तरीही प्रयत्न केला. गूळतुलेच्या आदल्या दिवशी आम्ही गावी पोचलो. श्रीरंग आणि सर्जा तराजू आणायला गुऱ्हाळाकडे गेले, आणि मी चुलीपाशी बसून आईला वकिली शब्दांत समजावू लागले. गूळ देऊ, पोत्यात भरून देऊ, हवा तर जास्तच देऊ. पण मी पारड्यात बसायलाच पाहिजे असं थोडंच आहे? अंदाजानं देऊ की.

"देवाला अंदाज सांगू?" आई म्हणाली.

तिनं मला वाटीत दूधभात कालवून दिला. वाटी लहान मुलाची, भात अगदी मऊ. पूर्वी माहेरी आले की ती माझ्या ताटाशी बसून वाढत राहायची, आणि मी नको म्हटलं तरी तिला ते ऐकू यायचं नाही. त्या दिवशी तिनं एका शब्दाचाही आग्रह केला नाही. माझे चार घास झाले, मी वाटी खाली ठेवली. ती वाटीत उरलेल्या भाताकडे बघत राहिली, मग म्हशीला वैरण टाकायची आहे म्हणून उठली. वैरण मघाशीच टाकून झाली होती. ती गोठ्यातून परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

तर विहिरीवर तोंड धुऊन, आता पळून जायला वाट नाही याची खात्री करून, मी मंडपात आले. बायकांनी वाट करून दिली. माझ्याकडे बघून कुणी म्हटलं, लई वाळली गं. कुणी दबक्या आवाजात विचारलं, आजार काय हाय म्हणे? गावात माणूस बारीक झालं की त्याला आजारच झालेला असतो. गुरवानं पारड्याला हळद-कुंकू लावलं, खाली पाट ठेवला. सर्जानं माझा हात धरला. मी डोळे मिटून बसले.

काही तुटलं नाही. एका बाजूनं गुळाच्या ढेपा चढू लागल्या. सर्जा एकेक ढेप ठेवताना किलो मोठ्यानं मोजत होता, त्याला थांबवण्याची सोय नव्हती. हळूहळू मी जमिनीपासून सुटले. मग अडशेरी-पावशेरीचे तुकडे घालून त्यानं काटा मध्यावर आणला आणि जाहीर केलं, "शंभर आन् वर तीन." कुणी हसलं नाही. बऱ्याच जणींच्या घरी त्याहून जड नवरे होते. मी डोळे उघडले. झालं तर मग, सुटले, असं वाटून मी पाय खाली सोडायला लागले.

"थांब," आई म्हणाली.

ती गुळाच्या पारड्याशी उभी होती. गुरवाकडे वळून तिनं विचारलं, नवस मी कवा बोलले? गुरव म्हणाला, दिवाळीच्या आधी. मग आताचं वजन कशाला धरायचं, असं तिचं म्हणणं होतं. सर्जा वैतागला. त्यानं तिला समजावलं, की तुलेत माणूस आज बसतो ना, मग आज जेवढा भरेल तेवढंच. गुरवही आईचं नाव घेऊन म्हणाला, पारड्यात असंल तेवढं देवाला पोचतं, हावशे, उगा कशाला ताणतीस? दोन-तीन पुरुषांनी माना डोलावल्या. इतक्या जणांसमोर आई सहसा बोलत नाही. त्या दिवशी ती हटली नाही.

"दवाखान्यात गेली ती जाडी वैजू," ती म्हणाली. "जीव टांगणीला लागला तो तिच्यापायी. देवानं परत दिली ती तीच. ह्या बारकीला तर मी आजून नीट वळखत बी न्हाई. मी नवस बोललीया माझ्या जाड्या वैजूचा. तिच्यात कमी करायचं न्हाई."

मी अधांतरी बसले होते, साखळ्या घट्ट धरून. गेले कित्येक महिने मी भेटेल त्याच्या तोंडून ऐकत होते, बरं झालं ती गेली. शिकलेली माणसं, जिवाभावाची माणसं, सगळी मिळून तिला निरोप देऊन मोकळी झाली होती, आणि तसं बघितलं तर मीही. ती परत यावी म्हणून देवाच्या दारात उभं राहिलेलं एकच माणूस होतं, आणि ते तिचा एक किलोही सोडायला तयार नव्हतं.

सर्जानं हात टेकले. तो माझ्याकडे वळला. "ताई, मग तवा किती हुतं?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. श्रीरंगही बघत होता. इस्पितळात वजन घेताना मी त्याला बाहेर बसवलं होतं, त्यामुळे त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ते फक्त मला माहीत होतं. एकशे दहा म्हटलं असतं तरी खपलं असतं. पुण्याच्या इस्पितळात जाऊन कोण बघणार होतं? जिभेवर तो आकडा आलाही. पण माझं लक्ष आईकडे गेलं. तिनं पदर खोचला होता आणि पुढची ढेप उचलायला ती वाकून तयार उभी होती. किती उचलाव्या लागणार याची तिला काळजी नव्हती. तिला फक्त खरं हवं होतं. कमी सांगितलं असतं तर मी त्या बाईला आणखी एकदा लपवलं असतं, आणि या वेळी तिच्या आईपासून.

"एकशे सव्वीस," मी म्हटलं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आईनं तिकडं बघितलंही नाही. ती बायकांकडे वळली आणि आमचा ऊस एकरी किती टन पडला हे सांगताना तिचा जो आवाज असतो, त्या आवाजात म्हणाली, "एकशे सव्वीस किलो. येवढी हुती माझी लेक."

मग तिनं ढेप उचलून पारड्यात ठेवली. सर्जानं आणलेला गूळ माझ्या आजच्या वजनाच्या बेतानं आणलेला, तो लगेच संपला. कमी पडतोय म्हटल्यावर आमच्या शेजारची आनंदीकाकू उठली आणि घरी गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. आमच्याकडे गूळ नाही असं घर नसतं. कुणी अर्धी ढेप आणली, कुणी डब्यातले खडे पदरात घालून आणले, फिस्सकन हसलेली मुलगीही एक डबा घेऊन आली. आई प्रत्येकीचा गूळ हातात घेऊन, कपाळाला लावून पारड्यात ठेवत होती, आणि बाजूला सर्जा छोट्या काट्यावर हिशेब करत होता.

श्रीरंग गर्दीतून माझ्या पारड्यापाशी आला. तो एरवी घाईत बोलणारा माणूस. त्या दिवशी हळूच म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"आता सांगितलं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मग तोही गेला, कुणाच्या तरी हातातली जड ढेप त्यानं घेतली आणि आईच्या हाती दिली.

गुळाचं पारडं केव्हाच जमिनीला टेकलं होतं, आणि मी वर गेले होते. उभ्या माणसांच्या डोक्यांच्या बरोबरीला, सगळ्या गावाला दिसेन अशी. माझे पाय खाली लोंबत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, साखळी सोडली असती तर पडले असते. आई माझ्या पारड्याखाली आली आणि तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्या हाताला, कपाळाला, सगळीकडे गूळ लागला होता.

"उतरू नगंस," ती म्हणाली. "आजून गूळ यायचा हाय."

मला उतरायची घाई नव्हती.